काचेवरचं कुंकू
ओल्या कुंकवाचा वास आला की मला अंबडच्या कारखान्यातली ती खंडेनवमी आठवते. आमचे अण्णा तिथे मशीनवर होते. अंतराळातल्या सिनेमात माणसं काचेवर नुसतं बोट फिरवून आख्खं यान चालवायची, तेव्हा अण्णा टीव्हीसमोर पुढे सरकून म्हणायचे, "बघशील तू, आपल्याकडंही येणार हे." आणि दोन हजारनंतर ते खरंच आलं. बटणांऐवजी काच असलेलं नवं मशीन अण्णांच्या हाती दिलं गेलं, म्हणून त्या वर्षी पूजेला त्यांनी मला आणि ताईलाही नेलं. शेडमध्ये तेलाचा आणि झेंडूचा वास कोंदला होता. आम्हाला दिसावी म्हणून अण्णांनी काच मुद्दाम चालू ठेवली होती. दरवर्षीसारखं त्यांनी मशीनला कुंकू लावलं, फक्त या वेळी काचेवर, अगदी मधोमध. काचेला काय, बोट ते बोट! मशीन सुरू झालं आणि आत ठेवलेल्या पूजेच्या ताटात ड्रिल घुसलं. कुणाला लागलं नाही, पण मशीन गेलं. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्यापासून तुम्ही गेटवर बसा." अण्णा रिटायर होईपर्यंत गेटवरच बसले. सिनेमात कुणाचं बोट चुकत नाही, त्यांना काय जातंय! आता ताई परदेशातून व्हिडिओ कॉल करते, तेव्हा समोर फोन वाजत असतो आणि अण्णा दोन्ही हात पाठीमागे बांधून मला हाका मारत असतात. मी पोचेपर्यंत तो बहुतेक वेळा बंद झालेला असतो.