ब्रेकची नळी कुठून कुठे जाते

कन्नडचा घाट उतरताना आमच्या ह्यांनी ट्रक डोंगराला घासून थांबवला, हे मला त्यांच्या तोंडून कळलं नाही. दाराचा पत्रा सोलून निघाला होता, त्यावरून कळलं. विचारलं तर म्हणाले, "काही नाही, ब्रेक जरा कडक झाला." जरा! माझं डोकंच फिरलं. पदरात दोन लेकरं, आणि हा माणूस जरा म्हणतो.

ट्रक जुना. भडगावहून केळी न्यायचा, परतीला सिमेंट आणायचा. मिस्तरीने ब्रेकचे लायनर बदलले, ऑइल बदललं. अंगणात ब्रेक छान लागायचा. घाटात चार-पाचदा दाबला की पेडल म्हणजे पायाखाली दगड, गाडी थांबेना. मिस्तरी म्हणाला, "वहिनी, गाडीत दोष नाही. भाऊंनी धसका घेतलाय." धसका घेतला होता, खरंच. झोपेतही ह्यांचा उजवा पाय हलायचा. पण धसक्याने पत्रा सोलत नाही.

मी बजावलं, प्रत्येक नळी कुठून निघते नि कुठे जाते ते मला कळेपर्यंत गाडी हलणार नाही. हे हसले. "तुले काय समजी त्यामा?"

"नई समजनं ते तुमलेच इचारसू."

जुन्या लुगड्याचे काठ फाडले. ब्रेकच्या नळ्यांना लाल चिंधी, इंजिनच्या हवेच्या नळ्यांना हिरवी. हे बाजेवर बसून सांगत होते, मी गाडीखाली गोणपाटावर उताणी. शेजारणी कुंपणावरून फिदीफिदी हसत होत्या. हसा म्हटलं, तुमचं काय जातंय! डायनॅमोच्या मागे एक पंप असतो, तो एका टाकीतली हवा नळीतून ओढून घेतो. ती ओढ टाकीत साठते, आणि टाकीतून ब्रेकला जोर मिळतो. नळ्या तोंडाने ओढून पाहिल्या, गळती कुठेच नव्हती. मग डोक्यात आलं, साठलेली ओढ चार-पाच वेळाच पुरणार. पुढे पंपाने टाकीत नवी ओढ भरायला हवी, आणि ती भरत नाही. तेही गाडी तापल्यावरच, कारण अंगणात थंड गाडीचा ब्रेक छान लागायचा.

"इंजिन लावा," मी म्हटलं, "आणि चांगलं तापू द्या."

इंजिन तापलं, हे ब्रेक दाबत राहिले. पंपाकडून टाकीकडे, सायलेन्सरजवळून जाणारी काळी नळी माझ्या डोळ्यांदेखत चप्पट झाली. बोट लावलं, चटका बसला, तरी ओळखली. केळीच्या ठिबकची नळी! मूळची फाटली तेव्हा ह्यांनीच वावरातला तुकडा कापून बसवला होता, आणि वर मिरवले होते, "घरनी वस्तू, फुकटमा काम." थंड असली की टणक, तापली की मऊ. पंपाने ओढलं की मिटायची, इंजिन निवलं की पुन्हा गोल, अगदी साळसूद. मिस्तरीने ती कायम थंडच पाहिली होती. मी ह्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जळगावहून आत कापड विणलेली जाड रबरी नळी मागवली. सायलेन्सरपासून लांब, वळसा घालून मी स्वतः बसवली, क्लिपा आवळल्या. गाडी दुरुस्त झाली, पण ह्यांचा पाय काही धजेना. केळी भरून झाली तेव्हा मी पोरांना शेजारणीकडे ठेवलं आणि केबिनमध्ये जाऊन बसले.

परतीला सिमेंट भरलेलं. घाटाच्या माथ्यावर ह्यांनी गाडी उभी केली. शर्ट घामाने चिकटला होता.

"तू उतरी जाय," म्हणाले. "पोरे घर शेतस. एक तरी ऱ्हावाले पाहिजे."

भीती मलाही वाटत होती. खोटं कशाला बोलू? पण उतरले असते, तर ह्या माणसाने पुन्हा कधी स्टिअरिंग धरलं नसतं.

"मी नई उतरस. नळी मी बसाडी शे. चाला."

पहिल्या वळणाला ब्रेक लागला. पुढच्यालाही. घाट अर्धा उतरलो, तरी लागतच होता. खाली सपाटीला आल्यावर ह्यांनी गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि हुंदके देऊन रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर.

मी पाठीवर हात ठेवला. "रडी ल्या," म्हटलं. "मंग घर चाला, पोरे वाट देखी ऱ्हायनात."