चढावर थांबलेली व्हॅन

लहानपणी थोरलीच्या हातात बाहुली दिली की ती आधी तिचे पाय उपटून आत काय आहे ते बघायची. बाबांनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. पुढे तिने स्वतःचं गॅरेज काढलं आणि सगळी गल्ली तिला मिस्त्रीणबाई म्हणू लागली.

बाबांनी तीस वर्षं व्हॅन चालवली आणि म्हातारपणी किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा खाली दवाखान्यात डायलिसिसला जायचं. परतताना घराखालच्या चढावर व्हॅनची मागची चाकं चिखलात जागच्या जागी फिरायची, मग शेजारचे चौघे बाबांना खुर्चीत बसवून वर आणायचे. एक दिवस बाबा म्हणाले, "चौघांच्या खांद्यावरून माणसाने एकदाच जायचं असतं. आठवड्यातून दोनदा नाही. आता दवाखाना बंद."

थोरलीने महिन्याची मुदत मागितली. तेवढ्यात व्हॅन चढली नाही, तर ती पुन्हा शब्द काढणार नव्हती. बाबा कसेबसे कबूल झाले. तिने भंगारातल्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल आणि इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटणारा गिअरबॉक्स आणून व्हॅनखाली बसवला. पहिल्याच फेरीला व्हॅन कण्हायला लागली. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरताहेत. थोरली ओशाळली. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या दातांचं प्रमाण जुळतं का, हे तिने बघितलंच नव्हतं. सगळं पुन्हा उघडावं लागलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यातून दोघं परतली तेव्हा चढ नुसता बरबटलेला होता. बाबा सवयीने म्हणाले, "वेग घे. मध्ये थांबलीस तर संपलं." उभ्या आयुष्यात ते या चढावर कधी थांबले नव्हते. थोरलीने मात्र ऐन वळणावर, सगळ्यात निसरड्या जागी, ब्रेक दाबला. बाबांचा जीव टांगणीला लागला.

तिने हलकेच क्लच सोडला. पुढच्या चाकांनी धरलं, मागच्यांनी रेटलं आणि व्हॅन सपाटीवर असल्यासारखी वर निघाली. बाबांच्या अंगावर काटा आला. बाहेरून तीच रंग उडालेली, पोचे पडलेली गाडी, आणि पोटात हे एवढं! आपल्या पोरीने हे दोन हातांनी केलं, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

दाराशी गाडी थांबली तरी ते उतरेनात. थोरलीला वाटलं, काही दुखतंय. तिने विचारलंही.

"नाही गं," बाबा म्हणाले. "गुरुवारी किती वाजता निघायचं?"