कढीपत्त्याला वळसा

हिंगोलीत नवं घर झाल्यावर ह्यांनी अंगण सजवायला एक बागवाला बोलावला. "बाग मीच लावते," असं मी म्हटलं, पण मनातल्या मनात.

आठ दिवस तो रोज यायचा. काहीही बघताना एक डोळा मिटायचा आणि अंगठा पुढं धरायचा. चहाचा कपसुद्धा तसाच बघायचा. त्यानं चुन्याच्या फक्कीनं पायवाट आखली, ती थेट माझ्या कढीपत्त्यावरून.

"भाभी, हे झाड उद्या काढतो. डिझाइनमधी बसून नाही राहिलं."

सकाळी सडा टाकायच्या आधी मी त्याची रेघ झाडली आणि झाडाला वळसा घालून चिमटीनं नवी ओढली.

तो आला. डोळा मिटला, अंगठा धरला.

"रेघ तर माझीच हाय, बराबर हाय. पण भाभी, कडंनं ही लक्ष्मीची पावलं मी कवा काढली?"

हाताची सवय! मी पदर तोंडाला लावून आत पळाले. खिडकीतून पाहिलं, तर तो एकेक पाऊल न पुसता ओलांडत माझ्याच रेघेवर विटा लावत होता.

संध्याकाळी हे म्हणाले, "वळण बघ कसं काढलंय! तुला जमलं असतं का?"

मी मान हलवून नाही म्हटलं आणि फोडणीसाठी कढीपत्ता तोडला.