नानांच्या खिशातला स्ट्रायकर

कॅरमच्या कोपऱ्यात बोरिक पावडर साचते, तसे आमच्या क्लबात किस्से साचले. मुद्दाम कोणी टाकत नाही. खेळता खेळता आपोआप कडेला सरकतात आणि पुसायला गेलं की बोटांना लागतात.

क्लब म्हणजे रिठदच्या वाचनालयामागची खोली. रोजचे मेंबर चार. शाळेतले गवई गुरुजी, शिलाईचं दुकान चालवणारे शेखचाचा, पोस्टातला मी आणि रिटायर पटवारी नाना. सत्तरीचं दशक निम्मं सरत आलं होतं. गावात कॅरम एकच आणि तो नानांचा. अकोल्याहून एसटीच्या टपावर टाकून आणलेला!

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आम्ही तिघं लवकर जमलो. बोर्ड पुसला, सोंगट्या मांडल्या, राणी मधोमध ठेवली. स्ट्रायकरच नाही!

नाना सावकाश आले आणि कोटाच्या खिशातून त्यांनी तो काढला.

"इथंच ठेवत जा ना," गुरुजी म्हणाले.

"घराले कुलूप लावून किल्ली कोणी दारातच ठेवते काय?"

"पन खेळ तं सगळ्याईचा आहे!"

"खेळ सगळ्याईचा, बोर्ड माहा. रेडिओले लायसन लागते, मंग कॅरमले मालक नाही लागत?" लायसनचे पैसे मीच पोस्टात घेत असे, त्यामुळे नानांनी साक्षीला माझ्याकडे पाहिलं!

तेव्हापासून खेळायचं असेल तर एकाने नानांना बोलवायला जायचं, असा रिवाज पडला. नानांची बायको वारली होती, मुलं नागपूरला. संध्याकाळी त्यांच्या दाराची कडी आमच्याशिवाय कोणी वाजवत नसे. ती वाजायच्या आधीच ते कोट घालून बसलेले असत.

*

एकदा नाना लग्नाला आसेगावला गेले. स्ट्रायकरही लग्नाला गेला.

शेखचाचांनी एका जुन्या ओव्हरकोटाचं मोठं बटन काढलं. "ये लो. चार छेद आहेत, पन चालते."

गुरुजींनी नेम धरून असं मारलं की बटन बोर्डावरून उडालं आणि खिडकीतून बाहेर गेलं. बाहेर सखूबाई भजी तळत असे. थोड्या वेळाने ती झारा घेऊन दारात आली.

"गुरुजी, बाकीचे भजे मी टाकले. हे चार भोकाचं कोनाचं हाय?"

*

मग ठरलं, पक्की नक्कल करायची. रिसोडला शिंगाच्या फण्या करणारा एक कारागीर होता. पण त्याला माप हवं, वजन हवं. आणि नाना स्ट्रायकर हातातून सोडतील तर ना!

गुरुजी एके दिवशी सहज म्हणाले, "नाना, तुमचा स्ट्रायकर वजनात बसत नाही म्हन्तात लोकं."

पटवाऱ्याच्या मापावर शंका! दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आत नाना पायरीवर हजर. "तोला! आत्ता तोला!"

मी स्ट्रायकर पाकिटासारखा काट्यावर ठेवला. वजन सांगितलं. तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. कागद मागितला, स्ट्रायकर त्यावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, जाडी मोजली, वजन लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

"हे दाखवा त्या गुरुजीले!"

दाखवलं. गुरुजींनी कागद घडी करून खिशात टाकला आणि रिसोडची एसटी पकडली. चोराच्या हाती मालकाच्या सहीचा नकाशा!

*

शिंगाचा स्ट्रायकर झकास निघाला. तो चाचांच्या मशीनच्या खणात राहू लागला. नाना गावात नसले तरच बाहेर काढायचा, असा आमचा कायदा.

नाना एकदा मुलांकडे नागपूरला गेले. आठवडाभर राहणार होते. आम्ही बिनधास्त! दोनच दिवसांनी, तिसऱ्या डावाला सखूबाई दारात आली.

"नाना आले होते. तुमची खटखट आयकली अन् तसेच वापस गेले."

राणी पॉकेटच्या तोंडाशी होती. तिला कोणी मारलं नाही.

*

त्यानंतर नाना क्लबात येईनात. मी बोलवायला गेलो तर आतूनच म्हणाले, "गुडघा दुखून राह्यला." दुसऱ्या दिवशीही गुडघाच. तिसऱ्या दिवशी गुरुजी गेले, तर दाराला आतून कडी.

आमच्याजवळ बोर्ड होता, सोंगट्या होत्या, शिंगाचा स्ट्रायकरही होता. तरी खेळ काही जमेना.

चाचा उठले. "उचला बोर्ड!"

चाचांनी तो डोक्यावर घेतला, गुरुजींनी सोंगट्यांची पिशवी, मी पावडरचा डबा. आमची ती वरात पाहून सखूबाईने कढई उतरवून ठेवली. गुरुजींनी कडी वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. नाना नुसत्या बंडीवर होते, अंगात कोट नव्हता.

"काऊन आले? तुमच्याजवळ तं स्ट्रायकर आहे."

"आहे," गुरुजी म्हणाले. "पन त्याच्यासंगं भांडता येत नाही, नाना."

नाना आत गेले आणि कोट घालून आले!

ओसरीवर बोर्ड लागला. नानांनी गुरुजींवर दोन डाव चढवले, चाचांवर राणी चोरल्याचा आरोप केला, मला "पोस्टाची तार" म्हटलं, कारण माझा नेम उशिरा पोचतो. दिवेलागण झाली. चाचा बोर्ड उचलायला वाकले.

नानांनी बोर्डावर हात ठेवला. "हा राहू द्या इथंच."

नानांनी खिशातून आपला स्ट्रायकर काढला आणि चाचांच्या हातावर ठेवला.

"हा तुमी घेऊन जा. उद्या येतानी आना."

"अन् तो शिंगाचा, नाना? त्याले फेकून देऊ?" चाचांनी विचारलं.

"फेकता कायले? तो गुरुजीच्या खिशात राहू द्या. एक हरपला म्हनून यायचं राहू नये!"