गोविंदाला पाहून उडालेली बदकं

गोविंदा माळी गेल्याचं मला वाशीमच्या बाजारात कळलं, तेही तेरावं उरकल्यावर. त्याचा धाकटा भाऊ वांग्यांची टोपली मांडून बसला होता. मी भाव विचारायला वाकलो, तर तो म्हणाला, "गुरुजी, दादा गेला ना. भादव्यात तापानं गेला. तुमाले कोनी सांगतलं नाही काय?" कोण सांगणार? अनसिंगची शाळा सोडून वाशीमला आल्यापासून मी गोविंदाला एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. रिकामी पिशवी घेऊन तसाच घरी आलो.

अनसिंगला असताना थंडीतली प्रत्येक रविवारची सकाळ मी त्याच्यासोबत तळ्यावर काढली. काठालाच त्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा. खांद्यावर घोंगडी टाकून तो गुडघाभर पाण्यात उतरायचा, घागरी भरायचा, आणि बदकं त्याच्यापासून चार हातांवर खुशाल चरत राहायची. मी मोठा शहाणा! गवतात पालथा पडून, बदकांवर झडप घालणारा भोवत्या नावाचा ससाणा कुठून येतो म्हणून आभाळ धुंडाळायचो. गोविंदा हसायचा. "वर कायले पाह्यता गुरुजी? बदकाइच्या माना पाहा." आणि खरंच, तळ्यावरच्या साऱ्या माना एकदम ताठ झाल्या, की पुढच्या क्षणी बांधावरून भोवत्या अगदी पाण्यालगत येणार म्हणजे येणार. सगळं तळं फडफडत उठायचं. तो गेला की पाखरं परत उतरायची, ती गोविंदाच्या आजूबाजूला.

हे सारं मी दौऱ्यावर आलेल्या एका साहेबापुढे बरळलो. माझी बदली त्याच्या हातात होती आणि त्याला शिकारीचा नाद होता. साहेबाला तळ्यावर शिकारीला आणू का, असं गोविंदाला विचारलं, तर त्यानं घागर खाली ठेवली आणि म्हणाला, "तुमचं बदलीचं काम होईन ना यानं?" मी होय म्हणालो. "मंग आना सायबाले." त्या सकाळी तो नेहमीसारखा घागर घेऊन पाण्यात उतरला. त्याच्या घोंगडीआडून साहेब बंदूक घेऊन वाकत वाकत चालला. एकाही बदकाची मान ताठ झाली नाही. किती पडली ते मी पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही. साहेब खूश झाला. उन्हाळ्यात माझी बदली झाली.

शिकारीच्या पुढच्याच रविवारी गोविंदानं पाण्यात पाय घातला आणि सगळं तळं उठलं. "रोजच असं हून राह्यलं गुरुजी. मले पाहून उडतेत." विसरतील रे, मी म्हणालो. "भोवत्या गेल्यावर परत तरी बसत होते," तो म्हणाला, "मी गेलो तरी बसत नाहीत." मग त्यानं पाणी भरणं भावावर टाकलं आणि तळ्याकडे पाठ करून तो मिरच्या खुरपत बसू लागला. मला एका शब्दानं बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! मी त्याचे पाय धरायला हवे होते. मूग गिळून बसलो, आणि बदलीचा कागद आला तसा चोरासारखा निघून आलो.

परवा, कार्तिकातल्या एका सकाळी, मी अनसिंगला गेलो. थंडीची पाखरं नुकती उतरली होती. काठावर उघडाच बसलो, लपलो नाही. चरत चरत एक बदक पार माझ्या पायाशी आलं. मला ते सहन होईना. मी टाळ्या वाजवल्या, ओरडलो, ढेकूळ मारलं. ते थोडं उडालं, एक गिरकी घेतली, आणि पुन्हा माझ्याचजवळ येऊन बसलं.