हाव, आहो मी

“हाव, आहो मी.”

अमरावतीच्या प्रेसवर मशीन चालवणारे काका मध्येच, ओ दिल्यासारखं, असं म्हणायचे. कोणी हाक मारलेली नसायची. आपल्या मंडळाची आरोग्याची पत्रकं तिथंच छापली जायची, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलंही असेल. आम्ही हसायचो. पण मागे वळून बघायचोच.

त्यांचा आजा, बाप आणि मोठा भाऊ, तिघांनीही एकेक करून जीव दिला होता. तिसऱ्यानंतर आई काकांना स्वयंपाकघरातून दिवसभर हाका मारू लागली. उत्तराला जरा उशीर झाला की पिठाच्या हातानं धावत यायची.

“बुढी जाऊन नऊ वर्सं झाली,” काका आईबद्दल म्हणाले. “पन आवाज येते तं ओ देतो.”

तेव्हा मी नैराश्यावर पत्रक लिहिलं होतं. ‘मन खंबीर ठेवा’ सांगणाऱ्यांचा मला संताप यायचा, म्हणून ठासून लिहिलं: मेंदूतल्या सेरोटोनिनचं काम बिघडवणारी जनुकं रक्तातून येतात, दोष माणसाचा नाही. शंभरेक प्रती निघाल्या आणि काकांनी मशीन बंद केलं.

“रक्तातून येते म्हन्तं तू. मंग माह्या पोरीचं कसं?”

लोकांना शहाणं करायला निघाले होते आणि स्वतःच अर्धवट वाचून लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्या म्हणाल्या, असं एकच जनुक नसतं. पुष्कळ असतात, प्रत्येकाचा वाटा थोडा. धोका वाढतो, पण ठरून येत नाही. आणि उपचार लागू पडतात. मग त्यांनी काकांनाच विचारलं, “तुम्हाला झोप लागते का?”

“नाई लागत,” काका म्हणाले.

गोळ्या सुरू झाल्या. मी रोज विचारायची.

“घेतली वं. तू का माही माय होय?”

काही महिन्यांनी म्हणाले, “आता बुढी बोलावत नाई.” थोडे उदास वाटले.

गेल्या हिवाळ्यात ते न्यूमोनियानं गेले, साठी ओलांडून, दवाखान्याच्या खाटेवर. बार्शीटाकळीला, गावच्या घरी त्यांना पांढऱ्या चादरीत ठेवलं होतं. माणसं फूल वाहायची, वाकायची आणि चादरीची कड बोटानं किंचित खाली करायची. एक, दुसरा, दहावा. मला कळायला वेळ लागला. ते मानेवर दोराचा वळ आहे का बघत होते. मग तीच नजर पोरीकडे वळायची.

“न्यूमोनिया म्हने! दवाखान्याच्या कागदावर काहीबी लिवतेत,” तिची आत्या पुटपुटली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगी उठली. तिनं चादर छातीपर्यंत खाली घेतली, वरच्या काठाची नीट घडी घातली.

“वाकू नका आत्या. बसल्या जाग्यावरून दिसते आता.”