रिकामा रकाना

विनीता मयेकरने अंधेरीतल्या एका माहिती कंपनीत चौदा वर्षं काढली होती. सासू आजारी पडली म्हणून ती मालवणला आली आणि इथलीच झाली. बाजारात रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेऊन तिने ‘ठावठिकाणा’ नावाचं माहिती केंद्र सुरू केलं. जिल्ह्यातली होडी कुठून सुटते, कुठला दवाखाना रविवारी उघडा असतो, नारळ पाडायला कोण येतो, अशा हजारो नोंदी लोकांना मोबाईलवर फुकट बघता येत. त्याच नोंदी मुंबईची एक मोठी कंपनी आपल्या ॲपसाठी घेई. त्यावर सात जणांचे पगार निघत.

विनीताचा आवाज कधी चढत नसे, पण नियम पक्के. प्रत्येकाने दिवसाला साठ नोंदी तपासायच्या आणि एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. मुंबईहून दर महिन्याला शाबासकी येई, तेव्हा तिला बरं वाटे.

गेल्या ऑक्टोबरात, सोमवारी सकाळी, एक बाई जिना चढून वर आली. तोंडवली गावची आनंदी. तिने मोबाईल टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, “ह्या कोणी लिवल्यान?”

पडद्यावर एका आरोग्य केंद्राची नोंद होती. चोवीस तास सुरू. साप चावल्यावरचं इंजेक्शन उपलब्ध.

आनंदीच्या सासऱ्यांना, लवूंना, माडाच्या बागेत फुरसं चावलं होतं. नोंद वाचून तिने रिक्षा त्या केंद्राकडे वळवली. तिथे नर्स एकटीच होती आणि इंजेक्शन कधीच संपलेलं होतं. मग पुढचा रस्ता, पुढचं हॉस्पिटल. मधला तास गेला तो गेलाच. लवू वाचले, पण डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

“माका भांडूचा नाय,” आनंदी म्हणाली. “फक्त ह्या पुसून टाका. दुसऱ्या कोणी वाचूक नको.”

ती गेल्यावर विनीताने नोंदीचा इतिहास उघडला. सोळा महिन्यांपूर्वीची माहिती. त्यानंतर तीन वेळा ‘तपासलं’ अशी खूण, तिन्ही प्राजक्ताच्या. प्राजक्ता समोरच बसली होती, रडवेली.

“मॅडम, फोन उचलत नव्हते. साठ पुरे व्हायचे होते. रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून आधीचंच राहू दिलं.”

विनीताने आधी ती नोंद पुसली. साठाचा आकडा तिचाच होता. प्राजक्ताने नियम मोडला नव्हता, पाळला होता.

दुसऱ्या दिवशी ती तोंडवलीला गेली. लवू पडवीत बसले होते, हात फडक्यात गुंडाळलेला. माफी कशी मागावी ते तिला वाटेत सुचलं नव्हतं. सुचेल तसं ती बोलली. लवूंनी ऐकून घेतलं.

“आमका कोणी इचारल्यान, आज दर्यात मासे खंय मिळतले, आणि आमका ठावक नसला तर आमी ‘म्हायत नाय’ म्हणतव,” ते म्हणाले. “तुमका तसा लिवूक काय हरकत होती?”

आनंदीने चहा आणला तो घेऊन ती निघाली.

त्या आठवड्यात तिने साठाचा नियम काढला. प्रत्येक नोंदीखाली शेवटचं कुणाला आणि कधी विचारलं ते लिहायचं. महिनाभर उत्तर मिळालं नाही तर सरळ ‘माहीत नाही’ लिहायचं. दवाखान्यांना दर सोमवारी ती स्वतः फोन करणार. बघता बघता चौथ्या हिश्श्याच्या रकान्यांत ‘माहीत नाही’ आलं; मुंबईच्या ॲपवर ते रिकामे दिसू लागले.

मुंबईच्या कंपनीतल्या गुरुप्रसादने फोन केला. तो मूळचा इकडच्याच मिठबावचा, सभ्य माणूस.

“विनीताताई, रिकामी जागा दिसली की लोक ॲप बंद करतात. काहीतरी भरा. बरोबर असण्याची शक्यता असते ना?”

“शक्यता होती म्हणूनच ते तिथे गेले,” ती म्हणाली.

मार्चनंतर करार वाढला नाही. सातांतले तिघं गेले. त्यांतल्या दोघांना तिनेच दुसरीकडे नोकरीला लावून दिलं. रंगाच्या दुकानावरची एक खोली सोडली. मधूनमधून तिला वाटे, आपण हे हट्टाने तर केलं नाही ना? काही दिवस उत्तर ‘नाही’ येई, काही दिवस येत नसे. पुढे काही हॉटेलवाल्यांनी आणि होडीवाल्यांनी वर्गणी सुरू केली. जेमतेम भागतं.

आरोग्य केंद्रांना करायचे फोन मात्र सुरुवातीला जीव खात. एका केंद्रातले औषधं सांभाळणारे सत्यवान तर वैतागून म्हणाले होते, “दर सोमवारी काय विचारता? आम्हाला दुसरी कामं नाहीत?” तरी ती विचारत राहिली. ते तुटकपणे शिल्लक इंजेक्शनांचा आकडा सांगून फोन ठेवत.

पावसाळ्यात एका बुधवारी, दुपारी, फोन वाजला. सत्यवानच.

“आज सोमवार नाही,” ती म्हणाली.

“ठावक आसा. सकाळी दोन पेशंट इले. इंजेक्शना संपली. नवी येयपर्यंत आमच्या नावासमोर ‘नाय’ म्हणान लिवा.”

विनीताने लिहिलं, खाली तारीख घातली, आणि पुढच्या केंद्राला फोन लावला.